धुक्यातली लटकी फौज

ऑफिसात तिला सगळे हवालदार म्हणत आणि तिला ते मनातून आवडायचं. इंटरनेटवरच्या लढाईच्या खेळातले लबाड पकडणं हे तिचं काम. त्या खेळात शत्रूचं सैन्य धुक्यात दडलेलं असतं. लबाड मात्र चोरटं सॉफ्टवेअर लावून धुक्यापलीकडचं बघायचे. तिने नामी सापळा लावला. धुक्यात एक लटकी फौज सोडली, सरळ खेळणाऱ्याला कधीच न दिसणारी. त्या फौजेवर जो चालून जाईल तो चोर, कायमचा बाहेर. बघता बघता चोरांची दाणादाण उडाली आणि साहेबांनी तिची पाठ थोपटली.

मग त्याच सापळ्यात दादा सापडला. तिचा सख्खा थोरला भाऊ! डोळे गेले तशी त्याची नोकरी सुटली, मित्र पांगले. उरला तो एवढा खेळ. नकाशे तोंडपाठ होते, बाकीचं सगळं तो कानांनी खेळायचा. तिने त्याच्या डावाचं रेकॉर्डिंग लावलं, हेडफोन चढवले, आणि ऐकू आली पावलांची धपधप. फौज तिने डोळ्यांपासून लपवली होती. आवाज बंद करायचा राहूनच गेला होता. डोळसांपैकी कुणी तिकडे कान दिला नव्हता, तिने स्वतःसुद्धा.

साहेबांना तिने सगळं सांगितलं.

"आवाज आजच्या आज बंद करा," ते म्हणाले. "पण बंदी उठणार नाही. एकाला सोडलं की का सोडलं ते सांगावं लागतं, मग सापळा जगजाहीर."

"साहेब, त्याला दिसत नाही हो."

"वाईट वाटतं मला. पण घरी अवाक्षर काढलंत, तर उद्यापासून येऊ नका."

घरी दादा बंद कॉम्प्युटरसमोर बसून होता.

"आलीस? अगं, तुमच्या लोकांनी मला चोरून बघणारा ठरवलंय. मला!" तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "मला पावलं ऐकू आली होती गं. समोर कुणीतरी होतं. तू सांग, होतं ना?"

खरं सांगावं, तर तिची नोकरी जाणार. आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. तिला स्वतःची किळस आली.

"कुणीच नव्हतं, दादा."

"म्हणजे आता कानांचाही भरवसा नाही," तो एवढंच म्हणाला.

मग तो उठला. ज्या घरात तो बिनधास्त वावरायचा, त्याच घरात दोन्ही हात पुढे करून चाचपडायला लागला.