डाव्या करंगळीचं अक्षर

माझ्या ताईचा डावा हात गेला आणि त्यात माझा हात आहे. हे वाक्य मी अजून कुणासमोर बोललेलो नाही, म्हणून आधी लिहून टाकतो.

ताई दात बनवते. बनवायची, असं म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचं माप लॅबमध्ये पाठवतात आणि तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ताई आधी मेणात दाढ कोरायची. डाव्या हाताच्या बोटांत मेणाचा ठोकळा, उजव्या हातात कोरणी. चौदा वर्षं हेच. लॅबच्या मॅडम कौतुकाला कंजूष, पण त्याही म्हणायच्या की हिची दाढ बसवलेला माणूस आपली खरी दाढ कुठली ते विसरतो.

जपानमधल्या एका लॅबने तिच्या कामाचे फोटो पाहिले आणि तिला बोलावलं. अटी दोन. वर्षभरात भाषेची परीक्षा पास व्हायचं आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर तासाभरात एक दाढ कोरून दाखवायची. दुसरी अट वाचून ताई हसली होती. तिला धास्ती होती ती पहिल्या अटीची. शाळेत असल्यापासून पाठांतर म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

शब्द पाठ करायला तिने एक वेबसाइट धरली. पडद्यावर जपानी शब्द येतो, त्याचा उच्चार आपण इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. बरोबर आला तर चौकट हिरवी होते आणि तो शब्द काही आठवडे तोंड दाखवत नाही. चुकला तर लाल, आणि शब्द पुन्हा पहिल्या पायरीवर. येत नसल्यामुळे चुकला की बोट घसरल्यामुळे, याच्याशी त्या वेबसाइटला काही देणंघेणं नाही. ब्योइन म्हणजे हॉस्पिटल आणि बियोइन म्हणजे ब्युटी पार्लर. एक अक्षर जास्त पडलं की गेला शब्द खड्ड्यात. तू तिकडे आजारी पडलीस तर फेशियल करून परत येशील, असं मी तिला चिडवायचो.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती तासभर टाइप करायची आणि रोज सकाळी चरफडायची. येतं रे मला, बोट चुकतं, असं म्हणायची. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो आणि मला राग लवकर येतो. माणसाच्या बोटाला एवढीही सवलत न देणाऱ्या त्या वेबसाइटवाल्यांचा मला असा संताप आला की एका रविवारी मी ताईच्या लॅपटॉपसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ठेवलं माफी. एखादं अक्षर गाळलं, दोनदा पडलं किंवा शेजारच्या बटणावर बोट गेलं, तर माफीने ते पोटात घालायचं. आधी मी असं ठेवलं होतं की चूक झाली की चौकट हलायची आणि पुन्हा टाइप करायला लावायची. दोन दिवसांत ताई म्हणाली की हे हलणं बघून तिला शाळेतल्या बाई आठवतात. मग मी तेही काढलं. चूक झाली तरी थेट हिरवं.

एकच अपवाद ठेवला. चुकून टाइप झालेला शब्द हा जपानीतला दुसराच खरा शब्द असेल तर माफी नाही. इतकं शहाणपण मला तेव्हा होतं.

चौथ्या महिन्यात ताई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी ऑफिसच्या कामात बुडालेलो, त्या दिवशी काहीतरी संपवून द्यायचं होतं.

"अरे शहाण्या, तुझ्या माफीत आज्यांना जागा नाही का? माझ्या सगळ्या आज्यांच्या काकू होतायत."

ओबाआसान म्हणजे आजी आणि ओबासान म्हणजे काकू. फरक फक्त एका इंग्रजी ‘ए’ या अक्षराचा, ते आजीला एक जास्त लागतं. ताईचा तो जास्तीचा ‘ए’ पडत नव्हता. काकू हा खरा शब्द असल्यामुळे माझा अपवाद आडवा यायचा आणि आजी लाल व्हायची. मी पडद्यावरून नजर न काढता विचारलं की एक बटण दोनदा दाबायला असा किती जोर लागतो.

"जोराचं नाही रे. करंगळी उशिरा पोचते."

मी म्हणालो, करंगळीला अलार्म लाव. ती हसली, मीही हसलो. मग तिला कटवण्यासाठी मी माफीत आणखी एक ओळ घातली. ‘ए’ कमी पडला तर काहीही असो, बरोबर धरायचं. ‘ए’ हे अक्षर कीबोर्डवर डाव्या करंगळीखाली येतं, आणि ‘ए’शिवाय जपानीतलं पान हलत नाही. हे मला माहीत होतं. आठ बोटांनी टाइप करायला तिला मीच शिकवलं होतं.

त्यानंतर सगळं हिरवं झालं. सकाळची चरफड थांबली. ताई टाइप करताना गुणगुणायला लागली आणि आई मला म्हणाली की तू बहिणीसाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं केलंस. मी शेफारलो. मधल्या काळात ताईच्या हातून दोन कप फुटले. शर्टची बटणं लावायला तिला वेळ लागायला लागला. एकदा ती म्हणाली की डावा हात हातमोजा घातल्यासारखा वाटतो. आम्ही तिघांनी त्याचा दोष दगदगीला दिला. बोटांमध्ये खरंच काही बिघडलं असतं तर सकाळी टाइप करताना दिसलं नसतं का, असं ताई स्वतःच म्हणाली.

परीक्षेत टाइप करायचं नसतं, पेन्सिलीने गोल काळे करायचे असतात, तेही उजव्या हाताने. ती चांगल्या गुणांनी पास झाली.

कॅमेऱ्यासमोर दाढ कोरायची ती दहाव्या महिन्यात. तिथे काय झालं ते मला लॅबच्या मॅडमनी फोनवर सांगितलं. मेणाचा ठोकळा ताईच्या डाव्या हातातून तीनदा निसटला. चौथ्यांदा तिने तो मनगटाने टेबलावर दाबून धरला आणि कोरायला लागली, तर दाबल्याने मेण चेपलं. तास संपला तेव्हा तिच्यासमोर अर्धी दाढ होती. पलीकडच्या लोकांनी अदबीने आभार मानले. मॅडम म्हणाल्या, "चौदा वर्षांत मी तिच्या हातून काही पडलेलं पाहिलं नव्हतं. तिला आधी डॉक्टरकडे न्या."

डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करून बोटं जुळवून धरायला सांगितलं. उजवी बोटं जुळलेली राहिली. डाव्या हाताची करंगळी सावकाश बाजूला सरकली आणि तिथेच राहिली. ताई तिला जवळ आणायला बघत होती, तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, पण करंगळी येईना. मी तिची करंगळी एवढ्या नीट त्याआधी कधी पाहिली नव्हती. एमआरआयमध्ये कळलं की मानेतल्या मणक्याची गादी सरकून मज्जारज्जूवर दाबत होती.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट आठवून सांगा, त्यावर बरंच काही अवलंबून आहे."

ताईने विचार करून सांगितलं की दीड महिना, फार तर दोन. त्याआधी नक्की नव्हतं. ती रोज सकाळी टाइप करायची आणि सगळं बरोबर यायचं.

माफीचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आंघोळीला गेली तेव्हा मी तिचा लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक खोड असते, प्रोग्रॅम काय काय करतो त्याची नोंद ठेवायची. माफीने पोटात घातलेली प्रत्येक चूक तारखेसकट तिथे होती आणि मी एकदाही ती नोंद उघडली नव्हती. पहिल्या महिन्यात चुका सगळ्या बटणांवर विखुरलेल्या, तुमच्याआमच्या असतात तशा. तिसऱ्या महिन्यापासून दहातल्या सहा ‘ए’च्या. सहाव्या महिन्यात दहातल्या नऊ. ‘हा’ म्हणजे दात, तिने शिकलेला पहिला जपानी शब्द, इंग्रजीत दोन अक्षरांचा. त्यातलाही ‘ए’ गळलेला होता, अठ्ठावीस वेळा.

ती नोंद कागदावर छापून घेऊन मी एकटा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तारखा वाचल्या आणि विचारलं की हे आधी कुणी पाहिलं नाही का. मी म्हणालो की पाहता येत होतं. ऑपरेशन ताबडतोब करायचं ठरलं. ते झालं की दुखणं पुढे सरकणार नाही, पण आठ महिने दाबलेलं परत कितपत येईल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. चार-पाच महिन्यांपूर्वी आला असतात तर आशा बरीच होती. हे पेशंटला मी सांगू की तुम्ही सांगता, असं त्यांनी विचारलं. मी सांगतो म्हणालो. आणि सांगितलं नाही. ऑपरेशनआधी तिचं मन खचायला नको, अशी मी माझी समजूत घातली. ऑपरेशननंतर तीही सबब उरली नाही. तरी चार महिने मी मूग गिळून बसलो. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

दुखणं थांबलं. हात आला नाही. चमचा धरता येतो, मेण धरता येत नाही. जपानमधल्या लॅबने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. मॅडमनी ताईला लॅबच्या फोनवर बसवलं आहे, आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे तिची पाठ येते.

बोटांचा व्यायाम म्हणून तिने परवा पुन्हा टाइप करायला घेतलं. मला हाक मारून म्हणाली की ती माफी आधी काढून टाक. मी काढली. पाच मिनिटं तिचे सगळे शब्द लाल होत गेले. मग तिने हात मांडीवर ठेवले.

"तू नोंद ठेवली असशील," ती म्हणाली. "मी ओळखते तुला. दाखव."

मी दाखवली. उजव्या हाताने ती एकेक ओळ वर सरकवत गेली. घाई केली नाही. आजीच्या ओळींपाशी आल्यावर थांबली.

"ह्या दिवशी मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"आणि हे तू वाचलंस कधी?"

"डॉक्टरांनी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे ऑपरेशनच्या आधी."

मी हो म्हणालो. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द मला उच्चारता येईना. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि तेही तिला कळत असणार.

"आईला मी सांगेन की यात तुझी काही चूक नाही," ती म्हणाली. "मॅडमना, मावशीला, जो विचारेल त्याला तेच सांगेन. तू मात्र ते माझ्याकडून ऐकायला येऊ नकोस."

मग तिने मला चहा ठेवायला सांगितला. पाणी भरलेलं पातेलं तिला आता उचलवत नाही.