गोफणीचा दगड

जुन्नरच्या एका खासगी क्लासने विज्ञान प्रदर्शन भरवलं होतं. पहिल्या नंबराला वर्षभर फुकट शिकायला मिळणार, म्हणून निवृत्त गोरख गुरुजींनी मेंढपाळाच्या हिराला तयार केलं होतं.

हिराने परीक्षकांना गोफण दाखवली. "दगड जोरात फिरला की दोरी घट्ट धरावी लागती. दीर्घिकेच्या कडेचे तारे असेच लई जोरात फिरत्यात. दिसतंय तेवढ्या वस्तुमानाची ओढ त्यांना पुरत नाय. मंग एकतर न दिसणारं कृष्णद्रव्य असंल, न्हाईतर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागंल."

"यातलं खरं कुठलं?"

"पुष्कळ शास्त्रज्ञ कृष्णद्रव्य मानत्यात, पण ते अजून कुणाच्या हाती लागलं नाय. पक्कं ठरलं नाय, सर."

मागे उभ्या गुरुजींनी मान डोलावली.

"उत्तर पाठ करून यायचं, बाळ," परीक्षक हसून म्हणाले आणि शेजारच्या धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीकडे वळले. नंबर त्यालाच गेला.

परतताना एसटीत गुरुजी हळूच म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस, हिरे."

"मंग चुकीचं का नाय शिकवलंत?" हिरा खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "आता बा मला मेंढरांमागं धाडंल."