त्सोन्काबाईंचं कचरा-निर्मूलन संयंत्र

युरोपभरच्या दोनशे बारा शाळांतून पहिलं बक्षीस गोर्नो ल्याखोवो गावच्या डुकराला मिळालं. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. त्सोन्काबाईही तसंच समजतात. त्यांच्या मते ऑक्टोबरात त्यांच्या अंगणात एक डुक्कर होतं, वीस डिसेंबरला, इग्नाझदेनच्या सणाला, ते कापायचं होतं, आणि मधल्या काळात काहीही घडलेलं नाही.

त्सोन्काबाई शाळेच्या स्वयंपाकीण. एकवीस वर्षं रोज दुपारी पोरांची जेवणं उरकली की उरलेलं घेवड्याचं सूप, पावाच्या कडा आणि बटाट्याची सालं दोन बादल्यांत भरायच्या आणि घरी नेऊन डुकरापुढे ओतायच्या. डुक्कर त्याचं काय करायचं ते करायचं, आणि हिवाळ्यात माळ्यावर सॉसेजच्या माळा लटकायच्या. यंदाचं डुक्कर खास होतं. मुलगी गाल्या तीन वर्षांनी श्टुटगार्टहून दोन्ही नातवंडांना घेऊन येणार होती. फोनवर ती म्हणाली, "आई, पोरं दुकानातल्या सॉसेजलाच सॉसेज समजायला लागलीत गं." त्सोन्काबाईंनी फोन ठेवला आणि डुकराचा खुराक दीडपट केला.

अशात शाळेत पर्यावरण आलं.

ते फिनलंडहून आलं. जीवशास्त्राच्या झोर्नित्सा मॅडमनी प्रकल्प मिळवला होता: तिकडची अकरा मुलं विमानानं इकडे येणार, इकडची अकरा विमानानं तिकडे जाणार आणि अशा रीतीनं हवा स्वच्छ होणार. अट एकच. शाळेच्या स्वयंपाकघरातला कचरा तीस टक्के कमी करून दाखवायचा. मॅडम नवा वजनकाटा घेऊन स्वयंपाकघरात हजर झाल्या.

"मावशी, कचरा कुठाय?"

"कसला कचरा?"

"उरलंसुरलं. सालं. काहीतरी असेलच ना!"

"ते होय! ते डुक्कर खातं."

"सगळं?"

"परवा हात पुसायचं फडकंही खाल्लं."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे कचरा शून्य. आता शून्यातून तीस टक्के कमी कसे करू मी?"

"डुकराला विचारून बघा."

मुख्याध्यापक झाप्रियानोव यांनी मार्ग काढला. कमी करायला कचरा नसेल तर आधी तो करायचा. त्सोन्काबाईंच्या बादल्या दोन आठवड्यांसाठी जप्त झाल्या. शाळेच्या मागं ढीग उभा राहिला, त्यावर तीन भाषांत पाटी लागली. आधी गांधीलमाश्या आल्या, मग मांजरं आली, मग आरोग्य खात्याचा माणूस आला आणि पाटी वाचून कौतुक करून गेला. पोरांना बटाटा-खिम्याचा मुसाका ताटात तसाच टाकायची ताकीद मिळाली. दुसरीतल्या एका मुलीनं ताट पुसून स्वच्छ केलं, तर तिच्या वहीत शेरा आला: "पर्यावरणाबद्दल उदासीन."

ढीग फस्त करायला प्रकल्पातून खतयंत्र मागवलं होतं. ते गोर्नो ल्याखोवोलाच पोचलं, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या. तिथल्या लोकांनी देवानं पाठवलं असं समजून त्यात राकियाच्या दारूसाठी आलुबुखार आंबत घातले. यंत्र परत मागायला गेलेला माणूस दोन दिवसांनी गात परतला.

पाहुणे परवावर आले. तेव्हा झाप्रियानोव टोपी हातात घेऊन त्सोन्काबाईंच्या अंगणात उभे राहिले.

"त्सोन्काबाई, थोडे दिवस द्या हो."

"काय?"

त्यांनी डुकराच्या गोठ्याकडे बोट केलं.

"अहो, तुम्हाला काय वेड लागलंय? अजून नीट भरलं नाहीय ते!"

"कापायला नाही हो. खायला. म्हणजे, त्यानं खायला."

"वीस डिसेंबरला सकाळी मला माझ्या दारात हवं."

"एकोणीसलाच आणून देतो. मुख्याध्यापकाचा शब्द आहे."

"तुमच्या शब्दावर शाळेला छप्पर बसणार होतं," त्सोन्काबाई म्हणाल्या. पण उपाशी डुक्कर बघवत नव्हतं आणि अन्न तर सगळं शाळेत पडलेलं. त्यांनी दोर सोडला.

आता त्या शाळेची एक रीत आहे. फाटकातून जी वस्तू आत येते, तिच्यावर शिपाई दोब्री लाल तैलरंगानं क्रमांक घालतो. खुर्चीवर, झाडूवर, पृथ्वीच्या गोलावर अंटार्क्टिकाच्या जागी. विचारत बसायची त्याला सवय नाही. डुक्कर आत आलं आणि दहा मिनिटांत त्याच्या डाव्या कुशीवर ३१८ आलं. क्रमांक पडला म्हटल्यावर झाप्रियानोवांना नोंद करणं भाग पडलं. साठा नोंदवहीत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: "जैविक कचरा-निर्मूलन संयंत्र. नग एक. रंग गुलाबी. चालू स्थितीत."

संयंत्रानं चार दिवसांत ढीग साफ केला. फिनिश पोरांनी आलेख काढले, वही भरली, पाठ खाजवली आणि त्याचं नाव आर्मास ठेवलं, म्हणजे लाडका. त्सोन्काबाईंना भाषा कळत नव्हती, पण एका पोरीनं काहीतरी हाक मारली आणि डुकरानं मान वळवली, हे त्यांनी पाहिलं. जे कापायचं त्याला गावात कुणी नाव ठेवत नाही.

फिनिश शिक्षिका पिर्कोबाईंनी झोर्नित्सा मॅडमकरवी विचारलं, "ही कल्पना सुचली कुणाला?"

"सुचायचंय काय त्यात? डुक्कर आहे ते!" त्सोन्काबाई म्हणाल्या.

"त्या म्हणतात, ही आमची प्राचीन जीवनदृष्टी आहे," मॅडमनी भाषांतर केलं. पिर्कोबाईंनी डोळे पुसले.

डिसेंबरात बक्षीस आलं. बक्षिसाबरोबर पत्र आलं: प्रकल्पातलं संयंत्र पुढील पाच वर्षं जागेवर आणि चालू स्थितीत ठेवणं शाळेला बंधनकारक राहील.

एकोणीसला त्सोन्काबाई दोर घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"या, या. कॉफी घेणार?"

एकवीस वर्षांत त्यांनी कधी कॉफी विचारली नव्हती. त्सोन्काबाईंना सगळं कळलं.

"किती दिवस?"

"पाच वर्षं."

"पाच वर्षांनी ते खायला सुतार लागेल!"

"तसा एक मार्ग आहे," झाप्रियानोव घाईनं म्हणाले. "तिघांची समिती नेमतो. संयंत्र बंद पडलंय असा दाखला झाला, की मोडीत काढता येतं. मग तुमचं तुम्ही बघा."

समिती तासाभरात जमली: झाप्रियानोव, झोर्नित्सा मॅडम आणि दोब्री. तिघं गंभीर चेहऱ्यानं शाळेमागच्या कुंपणाशी उभे राहिले. संयंत्रानं आधी दाखल्याचा कोरा कागद खाल्ला, मग दोब्रीची टोपी.

"चालू आहे," दोब्री बोडक्या डोक्यानं म्हणाला. खोटं बोलायचीही त्याला सवय नव्हती.

"दोब्री, मेल्या, एकदा तरी!" त्सोन्काबाई ओरडल्या.

"क्रमांक माझा आहे मावशी. उद्या मलाच विचारतील."

झोर्नित्सा मॅडमना राहवेना. "मावशी, यंदा बाजारातून आणूया का? मी आणते."

"बाजारातून?" त्सोन्काबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मॅडमनी मुकाट्यानं कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, "सांगा, अर्ज करू." उत्तराची मुदत नव्वद दिवसांची होती, कार्यालय नाताळासाठी कालच बंद झालं होतं आणि गाल्याचं विमान बावीसला उतरत होतं. तरी त्सोन्काबाईंनी सांगितलं, मॅडमनी सरकारी भाषेत बसवलं.

"प्रति, मा. संचालक, शालेय देवाणघेवाण व शाश्वत विकास विभाग.

विषय: संयंत्र क्र. ३१८ च्या तातडीच्या देखभालीबाबत.

महोदय,

उपरोक्त संयंत्र अखंड वापरामुळे एकशे नव्वद किलोंचे झाले असून त्याची देखभाल आणखी लांबवणे तांत्रिकदृष्ट्या धोक्याचे आहे. सदर देखभाल दि. २० डिसेंबर रोजी सकाळी अर्जदाराच्या अंगणात करण्यात येईल. त्यानंतर संयंत्र सुट्या भागांत उपलब्ध राहील. प्रत्येक सुट्या भागावर लाल रंगाने क्रमांक घालण्याची हमी शिपाई श्री. दोब्री यांनी दिली आहे. तरी सदर संयंत्र बरणीबंद व माळेच्या स्वरूपात पुढील पाच वर्षे सुस्थितीत राखण्यास, तसेच श्टुटगार्ट येथील दोन नातवंडांची त्यावर तपासनीस म्हणून नेमणूक करण्यास उद्या सकाळी सातपूर्वी लेखी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."