कप्तानबाई

धुलाई कारखान्याच्या इस्त्रीखात्यात सगळ्या तिला कप्तानबाई म्हणत. नाव पडलं ते चेष्टेत. पुढे चेष्टा गळून गेली आणि नाव राहिलं. इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं तिच्या हाताखालच्या बायका वाफेच्या मोठ्या रोलरमधून काढत. कुणी चादर जाळली तर वर केबिनमध्ये जाऊन बोलणी कप्तानबाई खायची. खाली आल्यावर जाळणारीला कोपऱ्यात घेऊन अशी झापायची, की पुढचे कित्येक दिवस ती डोळ्यांत तेल घालून चादर सरकवायची. चारचौघींत मात्र तिने कधी कुणाचा पाणउतारा केला नाही.

तिची धाकटी जाऊही तिथेच होती. मॅनेजरच्या हातापाया पडून कप्तानबाईनेच तिला चिकटवलं होतं.

एका दुपारी रोलरच्या वरच्या नळातून वाफ फुसफुसायला लागली. बॉयलरवाल्याने मान वर करून बघितलं. "सांधा सैल झालाय. बंद केल्याशिवाय हात लावता यायचा नाही."

मॅनेजरने फोनवरून सांगितलं, "इस्पितळाची संध्याकाळची गाडी जाऊ दे, मग बघू."

तेवढ्यात एकीच्या मानेवर उकळता थेंब पडला. ती कळवळून खालीच बसली. धाकटी जाऊ सगळ्यांच्या आधी मागे सरली. "ताई, मी नाही बाई याच्याखाली उभी राहणार." मग सगळ्याच तसं म्हणाल्या.

कप्तानबाईने चाक फिरवून वाफ बंद केली आणि पदराला हात पुसले. "वरून विचारणा होईल. कुणी शहाणपणा करायचा नाही. कप्तानबाई थांबा म्हणाली, आम्ही थांबलो. बस्स. पुढचं माझं मी निस्तरते."

गाडी रिकामी गेली. इस्पितळाने आकाशपाताळ एक केलं. मॅनेजरने एकेकीला केबिनमध्ये बोलावलं, कप्तानबाईला सगळ्यांत शेवटी. तो ओरडला नाही, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"वाफ तू बंद केलीस?"

"हो साहेब, मीच."

"ते कळलं. पण बाकीचं ऐकून वाईट वाटलं. बायका काम करायला तयार होत्या, तूच करू दिलं नाहीस म्हणे. एरवीही दमात ठेवतेस त्यांना."

"आणि मान भाजली ती?"

"कुणाचं काही भाजलेलं नाही. तिनेच सांगितलं." त्याने खुर्ची जरा मागे घेतली. "तुझी जाऊ तर रडली इथे. घरातही हिचा असाच जाच, म्हणाली."

कप्तानबाईने बायकांना लपायला एक वाक्य दिलं होतं. त्यांनी त्याच्यावर आपापल्या पदरचं रचून तिलाच त्याखाली गाडलं.

तिला घड्या घालायच्या टेबलावर पाठवलं आणि तिच्या जागी धाकटीला नेमलं. मान भाजलेली बाई गळ्याभोवती रुमाल गुंडाळून यायला लागली. कप्तानबाई समोरून आली की तिला नेमकं काहीतरी शोधायचं असे.

घरी दोघी जावा कामापुरतं बोलत. सुट्टीच्या दिवशी भाजी निवडता निवडता धाकटीच म्हणाली, "ताई, बायका माझं ऐकत नाहीत हो. ओरडले की हसतात. तुमचं कसं ऐकायच्या?"

"चूक त्यांची असली तरी वर जाऊन माझी म्हणायचे."

"एवढंच?"

"एवढंच."

धाकटी विचारात पडली. "पण उद्या त्याच उलटल्या तर?" तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण काय विचारलं ते. ती मान खाली घालून देठं तोडत राहिली. "मला पोरं आहेत, ताई."

"मला काय मांजरं आहेत?" कप्तानबाईने भाजीची परात पुढे ढकलली. "उद्या वर जाऊन सांग, मी टेबलावर टंगळमंगळ करते म्हणून. साहेबांकडे वजन वाढेल तुझं."

टोमणा होता तो. धाकटीने सल्ला म्हणून घेतला.

आठवडा सरायच्या आत वरून बोलावणं आलं. "टेबलावरचं कामही होत नाही म्हणे तुझ्याच्यानं."

या वेळी कप्तानबाई म्हणाली, "कोण म्हणतं, तिला समोर बोलवा."

मॅनेजरने बोलावलं नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाला. ती इस्त्रीखात्यातून बाहेर पडली तेव्हा रोलर धडधडत होता. त्या आवाजात कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. धाकटी चादरीचा काठ उगाच पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

संध्याकाळी धाकटी घरी आली, तर स्वयंपाकघरात मधोमध कपाट सरकवलेलं. अलीकडे कप्तानबाईने वेगळी चूल मांडली होती, आणि आपल्या पोरांना वाढत होती.

"ताई..." धाकटी कपाटाशी उभी राहून म्हणाली.

"पलीकडून," कप्तानबाई म्हणाली. "तुझं दार पलीकडून आहे."