निरोपाचा घास

मथुराबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आणि त्यांच्याच शेततळ्यात सुनेचे मासे! गावाला चघळायला आणखी काय हवं? पण लेक दिग्विजय नोकरीपायी लातूरला आणि शेत बघणारी सून निकिता. तेव्हा मथुराबाईंनी एकच अट घातली होती. "तुझे मासे तू बघ. म्या त्या पाण्याला बोट लावायची न्हाय."

बोट लावलं नाही, पण जीव लागला. शेळ्या सोडायला निघाल्या की त्या वाट वाकडी करून तळ्यावर यायच्या. रोहू, कटला वर आले की "आलाव का रे लेकरांनो" म्हणायच्या आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागं बघायच्या.

पूर्वी कळंबच्या बाजारात मासा यायचा तो आंध्रातून, बर्फात घालून. आता आजूबाजूच्या चार गावांत तळी झाली, खताच्या दुकानात माशांचं खाद्य मिळू लागलं आणि नागप्पा व्यापाऱ्यानं पाण्याच्या टाकीची दुसरी गाडी घेतली. त्याला मासा जिवंत लागे. मेलेल्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. निकिताचं दहा महिन्यांचं राबणं त्याच्या एका खेपेवर होतं.

गाडी यायच्या आदल्या दिवशी निकिता जाळंवाल्यांना सांगायला कळंबला निघाली. "आई, आज माशांना कायबी टाकायचं न्हाय बरं का. रिकाम्या पोटी न्हेले तरच वाटंत जगतेत. त्यात आभाळबी आलंय."

मथुराबाई "व्हय" म्हणाल्या खऱ्या, पण मनाला पटेना. त्यांच्या दावणीचं एकही जनावर घास घेतल्याशिवाय विकलं गेलं नव्हतं. कपाळाला हळदकुंकू, तोंडात भाकरीचा तुकडा आणि मगच दावं दुसऱ्याच्या हातात. ही मुकी लेकरं तेवढी उपाशी जाणार? दुपारी त्यांनी पाटीभर पेंड भिजवली आणि तळ्यात रिकामी केली. मासे तुटून पडले. मथुराबाईंना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं आणि तळ्यावरून निकिताची हाक आली. पाण्यावर जिकडंतिकडं माशांची आ वासलेली तोंडं होती. मथुराबाईंना आधी वाटलं, भूकच लागली असेल. मग एक मासा पांढरं पोट वर करून तरंगू लागला.

"पाण्यातली हवा संपली, आई. आभाळ आसताना खाणं पडलं की आसं हुतं. कुणी काय टाकलं का?"

खोटं बोलता आलं असतं. "म्या," मथुराबाई म्हणाल्या. "निरोपाचा घास घातला."

निकितानं डोळे मिटले, उघडले. ती रागावली असती तर परवडलं असतं. "लाईट आठला येणार," ती म्हणाली. "तवर बादलीनं पाणी उपसायचं आन् उंचावरनं परत टाकायचं. मंग हवा मिसळती."

मथुराबाईंनी माळ पदराआड खोचली आणि बादलीला दोर बांधला. अट गेली चुलीत. दोघी समोरासमोरच्या बांधांवर उभ्या राहून पाणी उपसत होत्या, फेकत होत्या. सासूबाईंचे तळहात सोलवटले, तरी त्या थांबल्या नाहीत. आठला मोटार चालू झाली, विहिरीची धार तळ्यात पडली आणि तोंडं हळूहळू खाली गेली. चाळीसेक मासे गेले, बाकीचे तगले. निकितानं नागप्पाची गाडी तीन दिवस पुढं ढकलली.

गाडी आली त्या सकाळी मथुराबाई करंडा घेऊन बांधावर आल्या. चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू त्यांनी पाण्यात सोडलं.

नागप्पाला नवल वाटलं. "आजी, तुमी माळकरी. मासे कुठं जातेत, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. जगवायला हात लावला, तर वाटंला लावून द्यायलाबी म्याच यायला पायजे."

जाळं ओढलं, टाकी भरली, गाडी निघाली. बांधावर सासूसुना तेवढ्या उरल्या. मथुराबाईंची डावी मूठ अजून मिटलेलीच होती.

"हातात काय हाय, आई?"

त्यांनी मूठ उघडली. आत भाकरीचा तुकडा होता, घामानं ओला झालेला.

"न्हाय टाकला गं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. "आपल्या दारातनं कुणी उपाशी गेलं, ते आज पयल्यांदा."