समाधानी तक्रारदार

तनुजा मूळची अंबाजोगाईची. लग्न होऊन रहाटणीत आली. नवऱ्याचं चाकणच्या कंपनीतलं काम कधी असायचं, कधी नसायचं, म्हणून तिनंच नोकरी धरली, सरकारी आरोग्य मदतवाहिनीच्या कॉल सेंटरात. कानाला हेडफोन लावायचा, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, कॉम्प्युटरवर नोंदवायची आणि पुढच्या खात्याकडे पाठवायची. पुढचं खातं त्यांचं काय करतं, ते तिला कधी कळायचं नाही.

मध्यंतरी वरून हुकूम आला, सेवेचा दर्जा सुधारा. मग फोन चटाचट उचलले जाऊ लागले, मुलींना गोड बोलायचं शिकवलं गेलं, आणि प्रत्येक कॉलनंतर लोकांनी बटण दाबून मार्क द्यायचे असं ठरलं. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट.

दिघीच्या शालनबाई दर आठवड्याला फोन करायच्या. तो कुणाकडेही लागायचा, पण बरेचदा तनुजाकडेच यायचा. त्यांचे मालक भिमाजी लकव्यानं अंथरुणाला खिळलेले, पाठीला पडून पडून जखम झालेली. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं होतं, नर्स घरी येऊन धुऊन जाईल, या नंबरावर कळवा. तनुजा दर वेळी तक्रार नोंदवायची आणि पुढच्या फोनला बघावं तर ती बंद झालेली. शेरा ठरलेला, ‘तक्रारदार समाधानी’.

शेवटी तिनं विचारलं, “आजी, फोन झाल्यावर तुम्ही कोणतं बटण दाबता?”

“पाच. का गं?”

तेव्हा कुठं तनुजाला उमगलं. पाच दाबलं की तक्रार आपोआप मिटत होती. कॉल रेकॉर्ड होतोय हे ठाऊक असूनही तिनं सांगून टाकलं, आज एक दाबा, म्हणजे वरचे लोक लक्ष घालतील.

“न्हाई बाई. तू इतक्या मायेनं इचारतीस. दुसऱ्याच्या लेकीच्या पोटावर पाय द्यायची न्हाई मी.”

तनुजानं परोपरीनं समजावलं. बाईंनी व्हय व्हय म्हटलं आणि पाचच दाबलं.

रविवारी तनुजा पत्ता काढून दिघीला गेली. गावठाणातल्या दोन खोल्या, मागं लष्कराच्या हद्दीची भिंत. शालनबाईंनी तिला आवाजावरून ओळखलं आणि आधी चहा टाकला. मग त्यांनी भिमाजींना कुशीवर वळवलं. जखमेत मूठ मावली असती. ओढणी नाकाकडे नेता नेता तनुजानं हात आवरला. भिमाजी भिंतीकडे बघत अडखळत बोलले, पाहुणीला हे कशाला दाखवतीस.

तनुजानं तिथूनच शालनबाईंना मदतवाहिनीला फोन लावायला सांगितला. पलीकडे पिंकी होती, पिंपळे गुरवची, नुकतीच कामाला लागलेली. पिंकीनं सगळं नीट ऐकून घेतलं, नोंदवलं. मार्कांची वेळ आली तेव्हा तनुजानं फोन हातात घेऊन स्वतःच एक दाबलं.

या वेळी मात्र चक्रं हलली. टीम लीडर कुलदीपनं स्वतः शालनबाईंना फोन केला, तनुजाच्या समोरच, स्पीकर लावून. कोणती मुलगी उर्मट बोलली, काय बोलली, एवढंच तो विचारत राहिला. पोरगी गुणाची हाय, नर्स तेवढी धाडा, असं त्या सांगत राहिल्या. तो म्हणाला, नर्सचा विषय आमच्याकडे नाही, आम्ही बोलण्याचा दर्जा बघतो. पिंकी अजून कायम झालेली नव्हती. आठवड्याच्या आत तिला घरी बसवलं.

तनुजा कुलदीपकडे गेली आणि बटण आपण दाबलं हे सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लोटून घेतलं.

“ताई, ती बटणं तुम्हा मुलींना मार्क द्यायला आहेत. नर्ससाठी बटणच नाही. त्या भागातल्या नर्सच्या जागा भरलेल्याच नाहीत.”

“मग आपण तक्रारी पाठवतो कुठं?”

“पाठवतो,” तो म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. तिकडेच बघत म्हणाला की हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही, आता जागेवर जाऊन बसा. पिंकीचं काय, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. नवऱ्याला कंपनीनं पुन्हा ब्रेक देऊन घरी बसवलं होतं. ती जागेवर जाऊन बसली.

दिवाळीनंतर शालनबाईंचा फोन आला, आणि नेमका तिच्याचकडे. भिमाजी गेले होते.

“आता नर्स नगं,” त्या म्हणाल्या. “आमचं नाव काढ आन् दुसऱ्या कुणाकडं धाड तिला.”

तक्रार बंद करायला कारण निवडावं लागे. सेवा मिळाली, चुकीचा नंबर, तक्रारदाराची माघार. माणूस गेला, असं कारण त्यात नव्हतं. तनुजानं माघार हे कारण निवडलं.

शालनबाई फोन ठेवेनात. बोलतही नव्हत्या, नुसता श्वास ऐकू येत होता. तनुजाला पुष्कळ बोलायचं होतं. पण कॉल लांबला म्हणून स्क्रीनवर लाल खूण आली आणि कुलदीपनं काचेतून मान वर करून बघितलं. तेव्हा नियमातलं शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघालं, आणखी काही मदत हवी आहे का?

“न्हाई बाई,” शालनबाई म्हणाल्या.