ओढ्याच्या अलीकडे, पलीकडे

"याला कुठं टाकू? पूर्वेला की पश्चिमेला?" शेजारच्या टेबलावरून केरीनं विचारलं, आणि मग तिचं नावाकडे लक्ष गेलं.

व्हर्ना टॉलेफसननं मान वर केली नाही. काउंटीच्या मतदार कचेरीत तिची एकतीस वर्षं झाली होती. कोणत्या नावापाशी केरी थांबणार, हे तिला सकाळपासून ठाऊक होतं.

डेरिल टॉलेफसन. तिचा मुलगा.

अकरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, त्याची पिकअप विलो क्रीक ओढ्याच्या पुलावर सापडली होती. दार उघडं, हीटर चालू. माणूस मिळाला नाही, प्रेतही नाही. तो भाड्यानं राहायचा ते चाकांवरचं घर मालकानं ओढून नेलं, तेव्हा व्हर्नानं त्याच्या पत्त्याच्या जागी स्वतःच्या टपालपेटीचा नंबर लिहिला. यादी चाळताना दर खेपेला त्याचं नाव तेवढं ती चाळणीवर धरून ठेवी. नियमात बसणारं नव्हतं. पण कुणी विचारलं नाही.

कारण तीस वर्षं अख्ख्या मोंटाना राज्याला खासदार एकच होता. पश्चिमेच्या कॅलिस्पेलला कुणी डेरिलसारखाच लंगडत चालणारा माणूस पाहिला म्हणून फोन आला, मग एकदा पूर्वेच्या ग्लेंडाइव्हहून. पाचशे मैलांचं अंतर. व्हर्ना मनाशी म्हणे, असेना का कुठंही, मतदारसंघ तर एकच. निवडणुकीच्या दिवशी राज्यभरच्या रांगांतून ती मनात त्याला उभा करी.

आता जनगणनेनं राज्याला खासदारकीची दुसरी जागा परत दिली होती. नवी हद्द त्यांच्या काउंटीत नेमकी विलो क्रीकच्या पात्रातून गेली होती, आणि टपालपेटीला काठ नसतो.

"तुझ्या घराचा पत्ता घालते," केरी हळूच म्हणाली. "पूर्व. संपलं."

"माझ्याकडे राहत नव्हता तो."

"अगं, कोण येतंय बघायला?"

"भांडून गेला होता, केरी. म्हणाला, मेलो तरी तुझ्या छपराखाली यायचा नाही. आणि तू त्याला कागदावर आणून बसवतेस?"

"मग पश्चिम घाल! निदान नाव तरी राहील."

"पलीकडे तरी कुठं बघितलाय कुणी?"

"तू ना व्हर्ना, खेचराहून हट्टी आहेस."

"म्हणून तर या खुर्चीत टिकले."

केरी हसली नाही. बाहेर फेब्रुवारीचा वारा खिडकीची काच हलवत होता. व्हर्ना उठली, केरीला बाजूला सारून तिच्या खुर्चीत बसली. नाव वगळण्याची कारणं पडद्यावर एकाखाली एक आली. 'मृत' या शब्दावर तिचं बोट जरा थांबलं. त्याला दाखला लागतो, आणि तो मागायला ती कोर्टात कधीच गेली नव्हती. 'राज्याबाहेर स्थलांतर.' तेही तिला माहीत नव्हतं. सगळ्यात खाली मोकळी चौकट होती. तिनं सावकाश टाइप केलं: ठावठिकाणा माहीत नाही.

अकरा वर्षांत हे तीन शब्द तिनं शेरीफला म्हटले नव्हते, पाद्रीबाबांना नाही, की नवऱ्याला त्याच्या शेवटच्या दिवसांत.

तिनं बटण दाबलं. ओळ नाहीशी झाली. खालची नावं एक घर वर सरकली.

"पुढचं," व्हर्ना म्हणाली.

केरीनं पुढचं नाव वाचलं.

व्हर्ना पडद्यावर डेरिलची ओळ होती तिथंच बघत होती. ती म्हणाली, "परत वाच. ऐकू नाही आलं."